मांडीतली गाठ आणि डोक्यातलं रक्त

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीला मावशीकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचं चाललेलं. मावसभाऊ टेबलावर चढून नारळाची पेण (घड) वर बांधत होता आणि एकदम डोकं धरून खालीच बसला. उलटी झाली, डावा हात उचलेना. वय २९, ना बीपी ना शुगर. कोणी म्हणालं पित्त असेल, लिंबू द्या (आपल्याकडे सगळ्यावर लिंबू). १०८ बोलावून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं तर सिटी स्कॅनमध्ये मेंदूत उजव्या बाजूला रक्त.

डॉक्टरनी विचारलं, पूर्वी कुठे गाठबीठ काढली होती का? मावशी नाही म्हणाली, पण वहिनीला आठवलं. दोन वर्षांमागे मांडीतली गाठ एका खाजगी ठिकाणी काढलेली, दुखत नव्हती, चरबीची आहे म्हणाले आणि बायोप्सीला पाठवलीच नाही. याचा राग मला अजून आहे.

एमआरआयमध्ये त्या रक्तामागे गाठ होती, फुप्फुसातही बारीक ठिपके. ऑपरेशन झालं, रिपोर्ट आला अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या असल्या भागांतला कॅन्सर, तो पसरतो तो बहुतेक फुप्फुसात, मेंदूत क्वचितच, पण हा प्रकार त्याला अपवाद, तरुण पोरांना होतो, सावकाश वाढतो, आणि मेंदूत जायची याची खोड जुनी. रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरातून होणारा अँजिओसार्कोमाही मेंदूत जाऊन रक्तस्राव करू शकतो. या गाठी स्वतःसाठी घाईघाईत नव्या रक्तवाहिन्या करून घेतात, त्यांच्या भिंती इतक्या कच्च्या की बीपी नॉर्मल असतानाही फुटतात. वरून दिसतो तो स्ट्रोकच.

मग थिवीहून कोकणकन्या, मुंबईला परळचं टाटा, सूज उतरायला स्टिरॉइड, उरलेल्या जागेवर रेडिएशन. रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, हे वहिनीने फ्रिजवर लिहूनच लावलंय. २०२२ मध्ये अमेरिकेत याच कॅन्सरसाठी ॲटेझोलिझुमॅब नावाच्या इम्युनोथेरपीला मान्यता मिळाली, तिच्या किमतीवरून घरात अजून हिशोब चाललेत.

पाच सेंटीमीटरहून मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर दुखत नसली तरी आधी स्कॅन आणि बायोप्सी, मग चाकू. आमचं उलटं झालं.

यंदा माटोळी मी बांधली. तो खुर्चीत बसून, डावी मूठ अजून नीट वळत नाही, पण तोंड चालू, पेण तिरकी बांधलीस म्हणून.