गडग्यावरची वेलघाणी

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. दोन दिवस समुद्र आणि सोलकढी. तो भाग छानच झाला, पण लिहायला बसले ते मुक्कामाच्या घरामागच्या एका गडग्यासाठी, म्हणजे दगडी कुंपणासाठी.

जांभ्याच्या त्या गडग्यावर वेलघाणी पसरली होती. रानातलं कृष्णकमळ, पॅसिफ्लोरा फीटिडा. मूळची अमेरिकेची, आता कोकणात कुंपणांवर सर्रास दिसते. लांबून शिवलिंगी किंवा कपाळफोडीची वेल वाटते, म्हणून आधी तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, बघावा. वेलघाणीचा तणावा पानाच्या बेचक्यातूनच फुटतो आणि त्याला फाटा नसतो. शिवलिंगी-तोंडलीचा देठाच्या बाजूला निघतो. कपाळफोडीचं फळ फुग्यासारखं पोकळ. वेलघाणीचं गोटीएवढं, पिकल्यावर पिवळं-नारिंगी, आणि भोवती चिकट केसांची हिरवी जाळी. ही जाळी कळीपासून फळापर्यंत सोबत असते. एवढी एक खूण पुरे. पान लवदार, तीन खंडांचं, चुरगाळलं की घाण वास. फूल सकाळीच बघावं, नंतर मिटतं. कृष्णकमळातले कौरव-पांडव, म्हणजे भोवतीचे तंतू नि मधले पाच पुंकेसर, त्यातही आहेत, फक्त लहान नि फिकट. कच्चं फळ खाऊ नये, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात.

पान उलटलं की खरी वस्ती दिसते. टॉनी कोस्टर फुलपाखराची पिवळी अंडी पुंजक्याने असतात. अळ्या तांबूस, फांद्या फुटलेल्या काट्यांच्या. कोष पांढरा, काळ्या रेघांचा, नारिंगी ठिपक्यांचा. आपल्याकडे हे फुलपाखरू रतनपुरुष या छोट्या रोपावरही वाढतं. आग्नेय आशियातून सरकत 2012 साली ते ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ पोचलं; ही वेल तिथे आधीच रुजलेली होती.

संध्याकाळी नऊ कोष मोजले होते. सकाळी गचपण काढायचं म्हणून यंत्राने अख्खा गडगा साफ झाला. फार वाईट वाटलं. परकी वेल आवरायलाच हवी, ती खालची झाडं झाकून टाकते. पण अंडी-अळ्या असलेला हातभर भाग तीन-चार आठवडे ठेवता येतो. कोष ओढून काढू नये, तो फुटतो. काडीसकट कापून सावलीत तसाच उलटा टांगावा. अळ्या घरच्या कृष्णकमळावर सोडल्या तर संध्याकाळपर्यंत पान कुरतडतात का ते बघावं, सगळ्या जाती त्यांना चालत नाहीत. आणि कापलेला ढीग लगेच पेटवू नये. पानं सुकली की अळ्या आपणहून बाहेर पडतात. त्या दुपारी चार-पाच जणी जांभ्यावरून वर चढत होत्या, जिथे एकही पान उरलं नव्हतं.