गेले, पण आले नाहीत

डोंबिवली स्टेशनच्या पुलाखाली उतरलं की उजव्या हाताला भाजीवाल्या मावशी बसतात. पुढ्यात गोणपाट, त्यावर मेथी, अळू, भेंडीचे वाटे आणि अळूच्या पानांआडून डोकावणारा एक डबा. डबा बोलतो. "चाळीस रुपये प्राप्त झाले."

त्या 'प्राप्त'ची मला फार गंमत वाटते. आपल्याकडे मोक्ष प्राप्त होतो, फार तर एखाद्या कार्यालयाला आपला अर्ज प्राप्त होतो. मेथीच्या जुडीचे पैसे आजवर कुणाला प्राप्त झाले नव्हते. ते मिळायचे, यायचे, नाहीतर बुडायचे. आता दर दोन मिनिटांनी कुणाला तरी काही तरी प्राप्त होत असतं, आणि कोण किती रुपयांची भाजी घेऊन गेलं हे शेजारच्या वडापाववाल्यालाही कळतं.

डब्याजवळ काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. त्यावर कोथिंबिरीच्या मुळांची माती उडालेली, एक कोपरा पाण्याने फुगलेला. तरी फोन पुढे केला की लगेच ओळख पटते. हा चौकोन १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या भागांचा हिशेब ठेवायला काढला. कारखान्यात तेल, ग्रीस लागणारच, म्हणून तीस टक्क्यांपर्यंत भाग मळला, फाटला तरी वाचता यावा अशी सोय त्यातच करता येते. मोटारीच्या सुट्या भागांसाठी निघालेल्या त्या चौकोनाने आमचे सुटे पैसे संपवले.

सुट्या पैशांचं केवढं मोठं प्रकरण होतं ते! एसटीचा कंडक्टर तिकिटामागे 'बाकी ३' असं लिहून त्याभोवती गोल करायचा, आणि उतरेपर्यंत आपलं अर्धं लक्ष त्या गोलात. वाणी रुपयाऐवजी पेपरमिंटची गोळी द्यायचा. उलट आपण गोळी दिली तर घ्यायचा नाही. ३० जून २०११ ला चार आणे रीतसर चलनातून गेले, पण बाजारातून ते त्याआधीच उठले होते. घरात देवाजवळच्या वाटीत नाणी जमायची आणि आई महिनाअखेरीला तिथून देवाची परवानगी न घेता दुधासाठी उसने घ्यायची.

पण माझं म्हणणं नाण्यांबद्दल नाही. भाजी सदतीस रुपयांची झाली तर काय व्हायचं, त्याबद्दल आहे. सदतीस कुणीच द्यायचं नाही. मावशी म्हणायच्या, "द्या पस्तीस." किंवा चाळीस रुपये ठेवून घेऊन पिशवीत मूठभर मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी टाकायच्या. किंवा "ऱ्हाऊ द्या, उद्या द्या." दोन-तीन रुपये कुणाचे तरी कुणाकडे कायम अडकलेले असायचे. कुणाचे कुणाकडे, हे दोघींनाही नक्की आठवायचं नाही. हिशेब असा थोडा सैल असला की बोलणं होतं, नातवाला गोवर आलेला कळतो, गावाकडे पाऊस झाला की नाही ते कळतं.

आता सदतीस म्हणजे सदतीस. मी सदतीस टाकते, डबा सदतीस म्हणतो, मी निघते. घासाघीससुद्धा मी कधी सोडली ते आठवत नाही. तीन रुपयांसाठी काय बोलायचं, असं वाटतं. पण तेव्हा तरी ती तीन रुपयांसाठी कुठे होती?

सवय किती लवकर लागते बघा. यूपीआय मुंबईत सुरू झालं ११ एप्रिल २०१६ ला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या आणि लोक नाइलाजाने फोनकडे वळले. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातले यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदाच एका महिन्यात हजार कोटींच्या वर गेले. त्यात माझ्या भेंडीचेही काही असतील. आज मी पाकीट विसरून घराबाहेर पडते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. फोन विसरला तर जिन्यातूनच परत फिरते.

पुण्याला मुलीकडे गेले की याच्या पुढचा प्रकार. तिथे कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते. कढीपत्त्याला वेगळी किंमत आणि वेगळी पिशवी. ती नकाशावर स्कूटर बघत बसते आणि तो मुलगा सिग्नलला जरा थांबला तर म्हणते, "हा तिथे काय करतोय?" एकदा बारा मिनिटं लागली तर घरात उशीर झाल्यासारखं वातावरण. मी तिला हसले खरी, पण तोंड मिटून हसले, कारण नुकतंच माझंही झालं होतं.

झालं असं. पावसाळी संध्याकाळ, स्टेशनवर ही गर्दी. मेथी आणि अळू, चाळीस रुपये. मी चौकोनासमोर फोन धरला, पिन टाकला, बँकेचा मेसेज आला: पैसे गेले. डबा गप्प.

"आलं न्हाई," मावशी म्हणाल्या.

"गेलेत मावशी. हे बघा."

"गेलं असतील, पन आलं न्हाई."

माझा फोन आणि त्यांचा डबा यांत हातभर अंतर. पण निरोप तेवढ्यावरून जात नाही. तो माझ्या बँकेतून निघतो, मधल्या यंत्रणेतून त्यांच्या बँकेत जातो, तिथून डबेवाल्या कंपनीकडे, आणि मग डब्याच्या पोटातल्या सिमकार्डातून बाहेर पडतो. रोज हे सगळं पापणी लवायच्या आत होतं म्हणून आपल्याला ठाऊकही नसतं. त्या दिवशी कुठे तरी अडलं. माझे चाळीस रुपये ना माझे, ना मावशींचे. मागे सहा-सात माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. नुसता पडदा दाखवून पसार होणारेही असतात, डबा आला तोच त्यासाठी, त्यामुळे मी पडदा दाखवत उभी म्हणजे जरा संशयितच. पंधरा सेकंद गेली असतील. मला ती अर्ध्या तासासारखी वाटली. पूर्वी याच जागी पन्नासची नोट मोडून आणायला मावशी चार दुकानं फिरायच्या, तेव्हा मी निवांत भेंडी निवडत उभी असायची.

"जावा ताई. उद्या द्या," मावशी म्हणाल्या. किती दिवसांनी ते ऐकलं!

दुसऱ्या दिवशी आठवणीने रोख चाळीस नेले. नोटा बघून मावशींचा चेहरा उजळला. मी म्हटलं, एवढं काय? तर म्हणाल्या, "पहाटं कल्याणच्या मार्केटात हातात पैका लागतो. ह्यातलं समदं पोराच्या खात्यात जातं. मला निस्तं ऐकू येतं." डब्याचं भाडं महिन्याला शंभर-सव्वाशे, तेही मुलगाच भरतो. दिवसभर त्यांच्या कानाशी पैसे प्राप्त होत राहतात आणि रात्री हमालाला द्यायला त्या गिऱ्हाइकाकडे दहाची नोट मागतात. सुटे मागायची पाळी आता त्यांच्यावर आली.

आठवड्याभराने मावशींनी मला लांबूनच हाक मारली. "ताई, तुमचं ते चाळीस आलं व्हतं. त्याच रातीला. मी डबा बंद करून गेलेले. पोरगं काल हिशेब बघताना बोललं." म्हणजे मी दोनदा दिले होते. मी राहू द्या म्हणाले, त्या ऐकेनात. पिशवी ओढून घेतली, त्यात अळूची जुडी, भेंडीचा वाटा आणि दोन लिंबं टाकली. तोंडाने बेरीज केली, बावन्न.

"चाळीस तुमचं आलेलं. ऱ्हायलं बारा. द्या दहा."

मी फोन काढला. मावशी मिरच्यांच्या टोपलीकडे वळल्या होत्या. माझं बोट आपोआप चाललं, आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "बारा रुपये प्राप्त झाले."

मावशींच्या मुठीत मिरच्या तशाच. "दहा म्हनलं व्हतं ना वो," त्या म्हणाल्या.