फुस्स

मागच्या मे महिन्यात रात्री अडीच वाजता आमच्या स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. हे झोपेतच पुटपुटले, "डीपी उडाली." सोलापुरात उन्हाळ्यात रात्री काही फुटलं की ती डीपीच, असा ह्यांचा अनुभव. पण डोक्यावर पंखा फिरत होता. उठून दिवा लावला तर ओट्यावर काचा, भिंतीला आल्याचे तंतू चिकटलेले आणि फरशीवर गुळाच्या पाण्याचं तळं. नळाला पाणी येऊन तीन दिवस झाले होते, त्यामुळे पुसायला किती पाणी घ्यायचं याचाही हिशोब करावा लागला.

ही सगळी भाच्याची करणी. तो जर्मनीत असतो आणि तळघरात बिअर करतो. तिथे ते चालतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर आंबवणं गुन्हा. म्हणून मावशीने आल्याच्या सोड्यावर भागवावं, असं त्याने ठरवलं. आलं सालासकट किसायचं, साखर आणि पाणी घालायचं, रोज चमचा-चमचा आलं आणि साखर वाढवत राहायचं. फेस धरायला त्याच्याकडे आठवडा लागतो म्हणे. आमच्या बेचाळीस अंशांत तिसऱ्या दिवशीच फसफसायला लागलं. हे विरजण गाळून गार केलेल्या आल्या-गुळाच्या पाण्यात मिसळायचं, लिंबू पिळायचं, बाटलीत भरून बूच लावायचं. काचेची बाटली घेऊ नकोस, हे त्याने बजावून सांगितलं होतं. पण माळ्यावर सरबताची जुनी जाड बाटली होती, आणि ती मला टाकवत नव्हती.

त्याची बिअर स्टीलच्या टाकीत आंबते. तिला केग म्हणतात. १९ लिटरची, उंच, सडपातळ. पूर्वी अशा टाक्यांतून थंड पेयांचं सिरप दुकानांत जायचं. व्हिडिओ कॉलवर त्याने ती मला सगळीकडून दाखवली, सोनार पाटल्या दाखवतो तशी. भरताना तो पंधरा-सोळा लिटरवरच थांबतो. वरची जागा वाया का घालवतोस, असं विचारलं तर म्हणाला, फेसाला. मग मला जास्त समजवावं लागलं नाही. इथे रात्री दहाला वाटलेलं इडलीचं पीठ पहाटे चारला झाकण डोक्यावर घेऊन ओट्यावर उतरतं. फेस वर येऊन झडपेत अडकला की वायूची वाटच बंद होते, ही त्याची मोठी भीती. आमच्या कुकरच्या शिट्टीत डाळ अडकते, तसंच की हे!

वायू निघतो तरी किती? साखर आंबली की तिच्या वजनाची साधारण अर्धी दारू होते आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखर पुरती आंबली तर सव्वा लिटरहून जास्त वायू. माझ्या बाटलीत मी पाऊण वाटी गूळ घातला होता. ती अडीचपर्यंत थांबली हेच नवल.

भाचा सुरुवातीचे काही दिवस वायू मोकळा सोडतो. टाकीची नळी पाण्याच्या बरणीत बुडवून ठेवतो, दिवसभर गुडगुड चालू. काही यीस्टचा तर चक्क सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो या वायूबरोबर निघून जातो. खिडकी मात्र उघडी हवी. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, बंद तळघरात खाली साचून राहिला तर माणसाचा जीव घेईल. साखर थोडीच उरली की तो नळी काढून काटा असलेली झडप बसवतो. ठरवलेल्या दाबापुढे गेलं तरच ती फुस्स करते, बाकीचा वायू बिअरमध्ये मुरतो. वेगळा वायू विकत आणून भरायला नको. वीस अंशांना त्याला दोन बार लागतात, म्हणजे गाडीच्या टायरइतका दाब. या झडपेच्या जर्मन नावातला 'श्पुंड' म्हणजे पिंपाचं बूच.

असल्याच आंबण्यातून सोडा जन्मला. इंग्लंडमध्ये लीड्सला जोसेफ प्रिस्टली नावाचा शास्त्रज्ञ बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला गेला आणि १७६७ च्या सुमारास तिथल्या पिंपांवर साचलेल्या वायूत पाणी खालीवर ओतत बसला. त्याला फसफसणारं पाणी मिळालं. पुढे शंभरेक वर्षांनी आपली गोटी सोड्याची बाटली आली. तिच्यात वायूच गोटीला वर दाबून बाटली बंद ठेवतो. ज्याला कोंडायचं त्यालाच दाराशी बसवणारी ही युक्ती मला त्या काट्याच्या झडपेपेक्षा हुशार वाटते. भाच्याला हे पटत नाही.

आता मी प्लास्टिकच्या बाटल्या वापरते. काटा नाही, अंगठा आहे. सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघायची. मऊ लागली तर राहू द्यायची, दगडासारखी लागली तर बूच अर्धा आटा फिरवून लगेच आवळायचं. गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड थांबली की ती फुस्स अगदी स्वच्छ ऐकू येते. दोन दिवसांत बाटल्या फ्रिजमध्ये जातात, त्यामुळे चढण्याइतकं त्यात काही होत नाही. ह्यांनी दोन पेले पिऊन खात्री करून घेतली आहे, आणि जरा नाराजही झाले आहेत.

परवा फोनवर बोलताना मी बाटली हातात घेतली.

"मावशी, किती बार?" भाच्याने विचारलं.

"अंगठा आत जात नाही एवढे."

"मग सोड की!"

मी बूच फिरवलं. या वेळी आवाज जरा मोठाच आला.

आतल्या खोलीतून हाक आली, "डीपी का गं?"