बॅरल तेवढेच, तेल वेगळं

सोमवारी ब्रेंट, म्हणजे जगभर मापदंड मानला जाणारा कच्च्या तेलाचा भाव, उघडलं तेच जवळपास २० टक्क्यांनी उसळून. शुक्रवारी बॅरलला ६० डॉलरवर बंद झालेलं, ते ७२ ला टेकलं. फायनान्सची मंडळी टीव्हीसमोरून हलेनात. शनिवारी, १४ सप्टेंबर २०१९ ला, सौदीतल्या अब्कैक आणि खुराइस या तेलकेंद्रांवर हल्ला झाला होता आणि दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन ठप्प होतं. जगाच्या पुरवठ्याच्या ५ टक्के. मुंबईतल्या एका रिफायनरीत क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलाचं, शेड्युलिंग माझ्याकडे. जो तो येऊन विचारायचा, "जहाज येणार ना?"

जहाज येणारच होतं. त्यात काय येणार, हे कुणी विचारत नव्हतं.

अब्कैक म्हणजे विहीर नव्हे. तिथे तेलातला हायड्रोजन सल्फाइड आणि हलके वायू काढून ते जहाजात भरण्याजोगं करतात. सौदीचं जवळपास निम्मं तेल, त्यातही मुख्यतः हलकं, या एका आवारातून जातं. म्हणून त्या आठवड्यात सौदीकडून विचारणा आली ती अपेक्षेप्रमाणेच: अरब लाइट या हलक्या तेलाऐवजी अरब हेवी हे जड तेल चालेल का?

वरून निरोप आला, बॅरल तेवढेच मिळतायत ना, मग हो म्हणून टाका. वर बसलेल्यांना तेल म्हणजे तेल. लाइटमध्ये गंधक २ टक्क्यांच्या आसपास, हेवीत ३ च्या घरात, आणि गंधक काढणारं आमचं सल्फर युनिट आधीच काठोकाठ चालतं. कुणीतरी सुचवलं, मुंबई हायचं तेल मिसळा, त्यात गंधक नावापुरतं. एक्सेलमध्ये हे झकास जमतं. पण मुंबई हाय मेणचट आणि हेवीत अस्फाल्टीन, म्हणजे तेलातला डांबरासारखा जड भाग, भरपूर. प्रमाण बिघडलं की अस्फाल्टीन सुटून एक्स्चेंजरच्या, म्हणजे तेल तापवणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांत जाऊन बसतं.

लॅबच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या. त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणांची मिश्रणं गरम केली, एकेक थेंब फिल्टर पेपरवर सोडला आणि पेपर ओव्हनमध्ये वाळवले. सुरुवातीचे डाग चहा सांडल्यासारखे, सगळीकडे सारखे तपकिरी. मुंबई हाय वाढत गेलं तसं एका डागात मधोमध काळं कडं उमटलं, म्हणजे अस्फाल्टीन सुटायला लागलं. "याच्या पुढे जाऊ नका रे, नळ्या साफ करायला तुम्हीच बसाल," एवढंच म्हणाल्या. त्या कागदाइतकं स्पष्ट उत्तर त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

देशाच्या राखीव साठ्यातून का नाही घेत, असंही एकाने विचारलं. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर मिळून क्षमता ५३ लाख टन, देशाच्या तेव्हाच्या साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढी. आणि तिथून मुंबईला आणायलाही जहाजच लागलं असतं.

शेवटी हेवी अर्धंच घेतलं, उरलेल्या लाइटची तारीख पुढे ढकलली आणि मधले दिवस युनिट कमी फीडवर, म्हणजे कमी तेल घालून, रेटलं. महिनाअखेरीला ब्रेंट पुन्हा ६० च्या आसपास आलं. रिव्ह्यू मीटिंगच्या स्लाइडवर 'क्रूड पुरवठा अखंड' असं ठळक अक्षरांत होतं. कमी फीडचे दिवस कुठे दाखवलेत, असं मी विचारलं. म्हणाले, ते 'प्लॅन्ड'मध्ये, म्हणजे आधीच ठरलेल्यात, धरलेत.