पीएसएलएफ: नोकरी योजनेत बसली, कर्ज बसेना

अमेरिकेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं फेडरल शैक्षणिक कर्ज माफ होतं. २००७ च्या कायद्याने आलेली ही योजना म्हणजे पीएसएलएफ. ग्रीन कार्ड मिळाल्यावर मी कर्ज काढून इथे लायब्ररी सायन्स शिकले आणि २०११ पासून न्यू जर्सीत सार्वजनिक लायब्ररीतच आहे. नोकरी योजनेत चपखल बसणारी. अडलं होतं ते कर्जापाशी.

माझं कर्ज एफएफईएल प्रकारचं. पैसे खासगी बँकेचे, हमी सरकारची. ३० जून २०१० नंतर असली कर्जं देणं बंद झालं, आणि पीएसएलएफला चालतं फक्त डायरेक्ट लोन, म्हणजे थेट सरकारने दिलेलं कर्ज. हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीला फोन केला की एकच उत्तर: "तुमचं फेडरल लोन आहे, भरत राहा." खोटं काहीच नाही, पण काडीचा उपयोग नाही! कोविडात डायरेक्ट लोनवाल्या मैत्रिणींचे हप्ते थांबले, व्याजही थांबलं. बँकेच्या ताब्यातलं माझं कर्ज मात्र त्यात नव्हतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शिक्षण खात्याने तात्पुरती सवलत काढली. ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत कन्सॉलिडेशनचा, म्हणजे जुनी कर्जं एकत्र करून त्यांचं एक डायरेक्ट लोन करून घेण्याचा अर्ज करणाऱ्यांचे जुने हप्तेही धरणार होते. अर्ज ऑनलाइन आणि फुकट, एका बैठकीत झाला. व्याज काही कमी होत नाही. जुन्या दरांची भारित सरासरी काढतात आणि ती वरच्या एक-अष्टमांश टक्क्याला नेतात.

खरा घाम फुटला नोकरीच्या दाखल्यांनी. सुरुवातीला मी दोन गावांच्या लायब्रऱ्यांत अर्धवेळ होते. दोन्ही मिळून आठवड्याला ३० तास भरले तर ते पूर्णवेळ धरतात, पण दाखला दोघांचाही लागतो. फॉर्मवर ईआयएन, म्हणजे मालकाचा नऊ आकडी कर-क्रमांक हवा. तो डब्ल्यू-२ च्या, म्हणजे मालकाकडून दरवर्षी मिळणाऱ्या पगार आणि कराच्या कागदाच्या, 'बी' चौकटीत असतो. एका गावात माझ्या वेळच्या संचालिका कधीच निवृत्त झालेल्या, नव्या बाईंना माझं नावही ठाऊक नाही. जुने डब्ल्यू-२ जपून ठेवले होते म्हणून निभावलं. नवरा त्या फाइलला रद्दी म्हणायचा.

कर्ज एकत्र झाल्यावर साइटवर हप्त्यांची संख्या शून्य दिसू लागली. तेव्हा पोटात गोळा आला, पण मोजणी मागाहून होते. काही महिन्यांनी आकडा १२० च्या वर गेला आणि कर्जमाफीचं पत्र आलं. या माफीवर फेडरल कर लागत नाही.

ती सवलत आता संपली. आज एफएफईएल डायरेक्टमध्ये आणलं तर पीएसएलएफसाठी मोजणी पहिल्यापासून. शाळेत किंवा काउंटीत नोकरी करणाऱ्यांनी कमी व्याज बघून खासगी बँकेकडे रिफायनान्स करण्याआधी दहादा विचार करावा, कारण कर्ज तिकडे गेलं की ते या योजनेत परत येत नाही. आणि दाखला दरवर्षी, सही करणारा माणूस जागेवर असतानाच भरून घ्यावा.