४० मीटरवर एकाच वेळी दोन रिग: तिसरी खेप

गेल्या शनिवार-रविवारी परत भोरजवळ मित्राच्या शेतावर गेलो होतो, हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर दोन रिग (रेडिओ संच) एकमेकांना त्रास न देता एकाच वेळी चालवता येतात का ते बघायला. सेटअप तोच, एक रिग ७.०१५ मेगाहर्ट्झवर सीडब्ल्यू (मोर्स), दुसरा ७.१३० वर एसएसबी (बोलणं), दोन्ही १०० वॅट, दोन्हीला साधा डायपोल (तारेची आडवी अँटेना). आपल्याकडे ४० मीटर म्हणजे ७.० ते ७.२, त्यामुळे मोड सांभाळून शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झपेक्षा लांब सरकायला जागाच नाही आणि बँडपास फिल्टरचा (ठरावीक पट्टाच आत सोडणारा) इथे काडीचा उपयोग नाही, दोन्ही सिग्नल त्याच्या पासबँडमध्येच बसतात. जे काय करायचं ते अँटेना आणि रिगमध्येच.

मागच्या वेळी डायपोल समांतर होते, मध्ये ७० मीटर. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) एस२१, म्हणजे एका अँटेनातून दुसरीत किती सिग्नल जातो ते, मोजला, केबलचा लॉस वजा करून -३१ डीबी. म्हणजे इकडे मोर्सची की दाबली की तिकडच्या रिगच्या अँटेना सॉकेटवर जवळपास ८० मिलिवॅट, +१९ डीबीएम! रिगच्या मीटरवर एस९ म्हणजे जोरदार सिग्नल, तो -७३ डीबीएम, आता बघा.

यावेळी दोन्ही तारा एका रेषेत आणल्या, टोकासमोर टोक. त्यासाठी आंब्यावरची दोरी परत टाकायला लागली, मित्राच्या वडिलांनी गोफणीने पहिल्याच फेकीत दगड बरोब्बर हव्या त्या फांदीपलीकडे टाकला, आम्ही तासभर झगडत होतो. पण मोजलं तर फक्त -४०. डायपोलच्या टोकाकडे नल (सिग्नल जवळपास शून्य) असतो मग एवढंच का? सहज कोॲक्स (अँटेनाची केबल) हाताने उचलून बाजूला ठेवला तर आकडा ३ डीबी हलला, तेव्हा कळलं की कोॲक्सच्या शील्डवर बाहेरून करंट वाहतोय आणि केबलच अँटेना झालीये. एफटी२४०-४३ फेराइट कोअरवर कोॲक्सचे १२ वेढे मारून दोन्ही फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) तो करंट अडवणारे चोक लावले, थेट -५२! माझ्या मते चोक आधी, बाकी सगळं नंतर.

तरीही सीडब्ल्यूवाल्याने डिट-डा सुरू केलं की एसएसबीवर त्याच तालात सर्र-सर्र, एस६ पर्यंत. ऐकणाऱ्या रिगला १० डीबी ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावला तर सर्र आणि समोरचं स्टेशन दोन्ही सारखेच खाली, म्हणजे रिसीव्हर ओव्हरलोड होत नाहीये, तसं असतं तर सर्र जास्त पडली असती. मग रिग अदलाबदल केले, पाठवणारा जुना ऐकायला आणि ऐकणारा नवा पाठवायला, तरी सर्र तेवढीच. इथे आम्ही अख्खी दुपार घालवली. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की जुन्या रिगच्या सिंथेसायझरचा (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) फेज नॉइज, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीभोवतीची खरखर, दोन्हीकडून मारतो, पाठवताना तो हवेत जातो आणि ऐकताना शेजारच्या जोरदार सिग्नलशी मिसळून तेच करतो, रेसिप्रोकल मिक्सिंग. दोन्ही वेळा गुन्हेगार एकच.

रविवारी जुन्याच्या जागी एकाकडून नवा रिग मागून आणला. सर्र गायब, बँडच्या नॉइजखाली गेली. राहिलं फक्त बारीक टिक-टिक, ते की क्लिक्स, म्हणजे मोर्सचा सिग्नल झटक्यात चालू-बंद झाल्याने येणारे आवाज, मेनूत राइज टाइम (सिग्नल चढायचा वेळ) २ मिलिसेकंदावरून ८ वर नेला तर ऐकूच येईना. संध्याकाळी दोघं एकाच वेळी दीड तास चालवत होतो, कोणाला थांबायला लागलं नाही, इतका आनंद झाला की जेवायला हाका मारल्या तरी उठलो नाही.

पुढच्या खेपेला सीडब्ल्यूला व्हर्टिकल (उभी अँटेना) लावून बघणार, पोलरायझेशन (लहर आडवी की उभी) वेगळं झालं की अजून किती डीबी पडतात ते मोजायचंय. कोणी मोजले असतील तर अंतर आणि उंचीसकट आकडे टाका.