झोका कोठे बांधशी?

आमच्या नाटकाची पहिली स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि ती मला खूप आवडायची. त्यात १७३० सालचं राजस्थानातलं खेजडली होतं, अमृतादेवींसह बिश्नोई समाजाचे ३६३ लोक, जे खेजडीची झाडं वाचवायला झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि मारले गेले, मग २६ मार्च १९७४ चा दिवस, आजच्या उत्तराखंडातलं रेणी गाव, गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या बाया, ज्यांनी झाडं तोडू दिली नाहीत, ते चिपको आंदोलन, आणि शेवटी शाळेतला सातवीचा एक पोरगा अंगाला हिरवा क्रेप पेपर गुंडाळून झाड व्हायचा आणि म्हणायचा, मला तोडू नका.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर आम्ही ते केलं, रात्री आठला, कारण त्याआधी कोणी शेतातून आलेलंच नसतं. टाळ्या पडल्या, नारळ मिळाला, दोन-तीन बायांनी पदराने डोळे पुसले. आम्ही खूश. सामान आवरत होतो तर एक बाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "बाई, चांगलं व्हतं. पन हाई राजस्थाननी गोठ शे. आपली गोठ काबरं नही करतस?" म्हणजे ही राजस्थानची गोष्ट आहे, आपली गोष्ट का नाही करत?

मला रात्रभर झोप लागली नाही. कारण त्याच गावाला येताना रस्त्याच्या कडेला मी तीन निंब (कडुनिंब) बघितले होते, बुंध्याशी काळे पडलेले, जळालेले, आणि आमच्या अख्ख्या नाटकात त्यांच्याबद्दल एक शब्द नव्हता.

मग आम्ही महिनाभर नाटक बंद ठेवलं. आम्ही म्हणजे नऊ-दहा जणं, दोन शिक्षक, कॉलेजची पोरं, एक रिक्षावाला भाऊ ज्याचा आवाज माईकशिवाय अर्ध्या गावाला जातो, आणि वहीगायन (इकडचं लोकगायन) करणारे एक आजोबा. सगळे नुसते विचारत फिरलो, की झाड का जातं. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त ऐकायचं असं ठरवलं होतं, आणि जे ऐकलं त्याने माझी तरी मान खाली गेली, कारण झाड लावा झाड जगवा हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहित होते पण बांधावरच्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

बांधावरच्या निंबाची सावली कपाशीवर पडते आणि तेवढ्या पट्ट्यात बोंडं धरत नाहीत. ज्वारी-बाजरी दाण्यावर आली की पाखरं त्याच झाडावर उतरतात. बांध दोघांचा, मग झाड कोणाचं यावरून भाऊबंदकी, आणि वाटणीच्या वेळी सगळ्यात आधी झाड विकलं जातं कारण पैशाचे चार हिस्से करता येतात, उभ्या झाडाचे कसे करणार. लाकूडवाला व्यापारी येतो तोही नेमका पेरणीच्या तोंडावर, घरात बियाण्याला पैसे नसतात तेव्हा. आणि मग आग. कपाशीच्या काड्या, पालापाचोळा, बांधावरचं वाळलेलं गवत मार्च-एप्रिलला पेटवतात आणि जाळ बुंध्याला लागतो. पानात तयार झालेलं अन्न सालीखालच्या थरातून मुळांकडे जात असतं, ती साल चारी बाजूंनी जळाली की मुळं उपाशी मरतात, वरून झाड काही दिवस हिरवं दिसतं, आणि एखाद्या वादळात आडवं होतं. बऱ्याचदा हे चुकून होतं. पण काही जणांनी कबूलही केलं की मुद्दाम लावतात, कारण वाळलेलं झाड तोडलं तर कोणी विचारत नाही. राज्यात झाडतोडीवर नियम घालणारा कायदा १९६४ पासून आहे, पण काडेपेटीला कुठे परवानगी लागते.

हे सगळं ऐकल्यावर तो क्रेप पेपर आम्ही काढून टाकला. आता आमच्या नाटकात झाड बोलत नाही. जे खरं झाड समोर असतं त्याच्याखाली नाटक होतं आणि ते नुसतं उभं असतं.

सुरुवात मात्र तमाशासारखी करतो, इकडच्या माणसाला ती ओळखीची. गवळणी मथुरेला निघतात, डोक्यावर दह्याचे माठ, ऊन म्हणजे आपलं मे महिन्यातलं जळगावचं ऊन, ४५ च्या पुढचं, आणि माठ टेकवायला सावलीच सापडत नाही. पेंद्या सांगतो की किसनदेव आज वाट अडवायला येणार नाही, तो ज्या कदंबावर बसायचा तो कालच विकला गेला. इथे लोक हसतात. मग वहीवाले आजोबा त्यांच्या चालीत दोन कडवी म्हणतात, त्यांनी स्वतः बांधलेली, आणि हसणं हळूहळू थांबतं.

मग मुख्य सीन. आप्पा (हा आमचा रिक्षावाला भाऊ), त्याची मुलगी नर्सिंगला जाणार, फी भरायची आहे, आणि व्यापारी निंबाला हात लावून भाव सांगतोय. व्यवहार होणार, इतक्यात आम्ही नाटक थांबवतो आणि लोकांना म्हणतो, आप्पाला काय सांगायचं ते इथे येऊन सांगा. ही आयडिया आमची नाही, ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी फोरम थिएटर म्हणून हे उभं केलं, बघणाऱ्यानेच उठून नाटकात शिरायचं. आणि कलेचा जत्था घेऊन गावोगाव फिरायचं तर केरळ शास्त्र साहित्य परिषद ही लोकांपर्यंत विज्ञान नेणारी संस्था १९८० पासून करत आलीय, सायलेंट व्हॅलीच्या जंगलात धरण नको म्हणून जी चळवळ झाली त्यातही ती पुढे होती, आणि १९८४ ला ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. नुसत्या नाटकांनी झालं असं मी म्हणणार नाही, पण लोकांना जंगलाचा प्रश्न आपल्या भाषेत कळला म्हणून झालं एवढं मला नक्की वाटतं.

आमचा एकच नियम आहे. आप्पाला खरंच पटलं तरच त्याने व्यापाऱ्याला नाही म्हणायचं. लोकांना बरं वाटावं म्हणून नाही म्हणायचं नाही.

पहिल्यांदा हा सीन बाजाराच्या गावात केला तेव्हा पाच मिनिटं कोणी उठलंच नाही, माझ्या पोटात गोळा आला. मग कांद्याची पिशवी खाली ठेवून एक मावशी उठल्या, पन्नाशीच्या असतील, सरळ आप्पासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"आप्पा, आंडेर आखाजीले येई तवय झोका कोठे बांधशी?"

खान्देशाबाहेरच्यांना सांगते, आंडेर म्हणजे लेक आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण, लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात आणि निंबाला दोर टाकून झोके घेतात. आता बऱ्याच गल्ल्यांत झोका घराच्या लोखंडी अँगलला बांधलेला दिसतो. तर ते वाक्य आलं आणि बायांच्या बाजूने एकदम आवाज उठला, मला वाटलं झालं, जिंकलो.

पण भाऊ पक्का. तो म्हणाला, "आनि फीना पैसा तू देशी का?"

सगळं शांत. मावशी हलल्या नाहीत. थोडं थांबून म्हणाल्या, "फांद्या इक. खोड ऱ्हाऊ दे."

हे आमच्या कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नव्हतं! निंब छाटला तरी परत फुटतो, नीट छाटणी केली तर कपाशीवरची सावली कमी होते, जळण मिळतं, थोडे पैसे येतात आणि बुंधा राहतो, हे त्या बाईला माहीत होतं आणि पर्यावरण शिकवणाऱ्या मला सुचलं नव्हतं. मग एक पोरगा उठला, म्हणाला फीसाठी बचत गटातून उचल घ्या, त्यावर मागून कोणीतरी व्याजाचा हिशोब मांडला, मग दुसऱ्याने साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं नाव काढलं, जिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, की तिथे गावानेच बसून ठरवलं आणि जंगल राखलं, तर आपण निदान बांध पेटवायचा दिवस तरी ठरवू आणि आधी बुंध्याभोवतीचं गवत काढू. वीस मिनिटांचं नाटक तासाभरावर गेलं. त्या दिवशी आप्पा पटला.

आता त्या मावशी आमच्यासोबत येतात. माझे डायलॉग कोणते म्हणून विचारत होत्या, म्हटलं तुम्हाला पाठ करायला काही देणार नाही. त्यांनीच पोरांना सांगितलंय की जूनमध्ये पिकलेली लिंबोळी पडली की लगेच पेरायची, जास्त दिवस ठेवली तर उगवत नाही, म्हणून यावेळी पिशव्यांत माती आधीच भरून ठेवलीय.

परवाचा प्रयोग पारोळ्याकडच्या एका गावात होता. मावशी बोलल्या, दोन म्हातारे बोलले, एक शाळकरी पोरगी तर भांडलीच आप्पाशी. पण तिथे मागच्या वर्षी पावसाने कपाशी गेलेली, प्रत्येक उत्तराला कोणीतरी खरंच घडलेली अडचण सांगत होतं, आणि भाऊला नाही पटलं. त्याने मान हलवली, व्यापाऱ्याने करवत काढली आणि आम्ही नाटक तिथेच थांबवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिवेलागण झाली तरी लोक निंबाखाली बसूनच होते, आणि मागे दोघं जण हळू आवाजात फीचा हिशोब परत पहिल्यापासून करत होते.